समोरचे वावर

लहान विमान कुठेतरी शेतात उतरल्याची बातमी आली की रिसोडच्या बसस्थानकाजवळ चहा पिताना तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, "इंजिन बंद पडलं का विमान गोट्यावानी खाली येते." दुसरे, "मंग वापस काहून नाही फिरला?" आणि बातमी शेवटपर्यंत वाचून झाली की तिसरे, "पण पोरानं गाव वाचवलं बाप्पा." बोलणारे सगळे ओळखीचे असतात. कुणी माझ्या वर्गातले, कुणी माझ्या वडिलांकडे पंप दुरुस्तीला आणणारे. त्यांच्याशी माझे भांडण नाही, या तीन वाक्यांशी आहे. पहिले खोटे आहे. दुसऱ्याने माणसे मेली आहेत. तिसरे कानाला गोड लागते, म्हणून ते खोडणे सर्वांत अवघड.

मी आयुष्याची बरीच वर्षे मुलांना एका इंजिनाची विमाने उडवायला शिकवली आणि आता गावी परतलो आहे. हा लेख आजच लिहायला एक कारण आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्था होणार, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात विद्यार्थ्याला एकट्याने ३०० सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून लांब फेरीही करावी लागते. ही फेरी वऱ्हाडाच्या वावरांवरूनच जाणार. त्यातल्या काही मुलांचे इंजिन कधी ना कधी कुरकुर करणार. तेव्हा खाली आपण असू, आणि वर कदाचित आपल्याच तालुक्यातला मुलगा किंवा मुलगी असेल.

पहिल्या वाक्याला फार जागा देत नाही. विमान हवेत धरून ठेवतात ते पंख. इंजिन फक्त पुढे ओढते. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहिली की ते भार उचलतात, आणि इंजिन बंद असेल तर तो वेग उंची खर्चून मिळवायचा, उतारावर पायडल न मारता सायकल जाते तसा. सेसना १५२ हे आपल्याकडे वर्षानुवर्षे शिकवण्यासाठी वापरले गेलेले विमान घ्या. इंजिन पूर्ण बंद असताना ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर ते उंचीच्या साधारण नऊपट अंतर कापते. रिसोडच्या डोक्यावर तीन हजार फुटांवर इंजिन थांबले तर वारा नसताना कोणत्याही दिशेला आठेक किलोमीटर जाता येते आणि हातात चार मिनिटांहून जास्त वेळ असतो. आठ किलोमीटरच्या त्या वर्तुळात दोनशे चौरस किलोमीटर जमीन येते. पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे, तिथली विमाने मुळात इंजिनाशिवायच उडतात आणि उतरतात. १९८३ च्या जुलैत कॅनडात प्रवासी घेऊन निघालेल्या बोइंग ७६७ चे इंधन पौंड आणि किलोच्या घोळामुळे हवेतच संपले. दोन्ही इंजिने बंद असलेले ते अवाढव्य विमान वैमानिकाने गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे जगले. विमान गोट्यासारखे पडत नाही, हा मुद्दा इथे संपला.

तरीही काही विमाने खरोखर गोट्यासारखी पडतात. का पडतात, तिथेच दुसऱ्या वाक्याचा दोष आहे. पण त्याआधी इंजिनाबद्दल बोलायला हवे, कारण आमच्या भागातल्या माणसाला इंजिन कळत नाही, असे मी मुळीच म्हणणार नाही.

माझे वडील विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करायचे. वावराच्या धुऱ्यावर उभे राहून, इंजिनाला हात न लावता, नुसत्या आवाजावरून ते सांगायचे की मिस मारते आहे, हवा धरली आहे की डिझेलमध्ये पाणी आले आहे. लहान विमानाच्या इंजिनाची दुखणी याहून फार निराळी नसतात. इंधन संपणे, इंधनाची कळ चुकीच्या टाकीवर राहणे, टाकीच्या तळाशी पाणी साचणे, स्पार्क प्लगवर काजळी धरणे. म्हणून पहाटे टाकीखालच्या झडपेतून काचेच्या नळीत थोडे इंधन काढून पाहायचे. विमानाचे पेट्रोल निळसर असते, पाणी त्याच्याखाली वेगळे दिसते. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो, बॅटरी मेली तरी चालणारे. उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती घसरतात ते पाहायचे. फेरे जास्त घसरले तर परत फिरायचे, आणि ते तेव्हाच, चाके जमिनीवर असताना. १९३० मध्ये आगाखान बक्षिसासाठी भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उडण्याची स्पर्धा लागली होती. त्या वेळी अ‍ॅस्पी इंजिनिअर हा तरुण इजिप्तमध्ये अबुकीरला स्पार्क प्लगवाचून अडून बसला होता. उलट दिशेने आलेल्या जेआरडी टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. पुढे बक्षीस अ‍ॅस्पीने जिंकले आणि तो देशाचा हवाई दलप्रमुखही झाला. ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यात अ‍ॅस्पीचे थांबणे जास्त मोठे वाटते. शर्यत चालू असताना, घड्याळ पळत असताना, तो रोगी इंजिन घेऊन समुद्रावर गेला नाही.

एक दुखणे मात्र विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला कधी होत नाही, आणि ते आपल्या पावसाळ्यातच जास्त होते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. जुलैत बाहेर २५ अंश तापमान असताना बर्फ कसा, असे प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते, तिथेच पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त खाली येते. हवा दमट असेल तर त्या घशात बर्फाचा थर चढतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय साधा आहे. गरम हवेची मूठ पूर्ण बाहेर ओढायची. पण मूठ ओढल्यावर वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि काही क्षण इंजिन आधीपेक्षा जास्त खोकते. घाबरलेला विद्यार्थी तेवढ्यात मूठ परत आत ढकलतो आणि हातातला उपाय स्वतःच बंद करतो. हे मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून हे विद्यार्थ्यांना वर्गात सांगून भागत नाही. पावसाळी हवेत प्रत्यक्ष करून दाखवावे लागते.

आता मूळ वादाकडे येतो. आपण सगळे इंजिन ओळखतो ते जमिनीवरचे. जमिनीवरच्या इंजिनाने आपल्याला एक सवय लावली आहे: इंजिन बंद पडले की यंत्र थांबते, मग उतरून आधी इंजिन चालू करायचे आणि चालू झाले की घरी जायचे. ट्रॅक्टरला हे बरोबर आहे, मोटारसायकलला बरोबर आहे. विमानाला हीच सवय मारते. विमान थांबलेले नसते, ते वेग घालवत असते. वैमानिकाचे पहिले काम इंजिन चालू करणे नाही, नाक खाली करून वेग धरणे हे आहे. दुसरे काम उतरायची जागा ठरवणे. इंजिनाकडे बघायची पाळी त्यानंतर येते: इंधनाची कळ, मिश्रण, गरम हवा, मॅग्नेटो. रेडिओवर मदत मागणे त्याच्याही नंतर, कारण रेडिओवरचा माणूस विमान धरून ठेवू शकत नाही.

इंजिन पूर्ण बंद पडले तर निदान मन तरी लवकर वळते. खरा घात अर्धवट चालणाऱ्या इंजिनात आहे. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास संस्थेने २००० ते २०१० या काळातले, एका इंजिनाच्या लहान विमानांनी उड्डाण घेताना किंवा घेतल्या घेतल्या शक्ती गमावल्याचे प्रसंग तपासले. इंजिनाची शक्ती अर्धवट जाण्याचे प्रसंग इंजिन पूर्ण बंद पडण्याच्या जवळपास तिप्पट होते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अर्धवट शक्तीच्या प्रसंगांत नऊ अपघात जीवघेणे ठरले. ज्यांचे इंजिन सुरुवातीलाच पूर्ण बंद पडले, त्यांच्यात एकही जीवघेणा अपघात नव्हता.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ ते पान तसेच उघडे ठेवून बसलो होतो. ज्यांच्याकडे काहीच उरले नव्हते ते समोरच्या जमिनीवर उतरले आणि जगले. ज्यांच्याकडे थोडे इंजिन उरले होते त्यांना वाटले की धावपट्टीपर्यंत पोचू. इंजिन मिस मारत होते, पण चालत होते. मग वळणे, उंची टिकवायला नाक थोडे वर ओढणे, आणि वेग कमी होत होत संपणे.

"वापस काहून नाही फिरला?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आता ते नीट, फुटाफुटाने सांगतो.

विमानाने धावपट्टी सोडली आहे, तीनशे फुटांवर आहे, नाक वर आहे, आणि इंजिन गेले. चढत असलेल्या विमानाचा वेग इंजिन जाताच झपाट्याने उतरतो. माणसाला मात्र घडले ते पटायलाच तीन-चार सेकंद लागतात. धावपट्टी पाठीमागे आहे. तिथे परत उतरायचे तर १८० अंश वळून भागत नाही. वळताना विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला जाते, म्हणून दोनशे अंशांहून जास्त वळायचे आणि मग पुन्हा उलट वळून रेषेवर यायचे. तीस अंश कलून वळले तर एवढ्या वळणाला वीस सेकंदांहून जास्त वेळ जातो, आणि वळतानाच तीनशे फुटांच्या आसपास उंची खर्च होते. हातात तेवढीच होती. मग वैमानिक जास्त कलतो. पंचेचाळीस अंशांचा कल दिला की पंखांना उचल टिकवण्यासाठी लागणारा किमान वेग १९ टक्क्यांनी वाढतो, साठ अंशांना ४१ टक्क्यांनी. वेग तर आधीच कमी झालेला. जमीन जवळ दिसते, म्हणून हात आपोआप नाक वर ओढतो. आतल्या बाजूचा पंख हवा सोडतो, विमान त्या बाजूला कोसळते, गिरकी घेते. दोनशे फुटांवरून त्या गिरकीतून कुणी बाहेर येत नाही. गोट्यासारखे पडते ते हे विमान. ते इंजिनाने पाडलेले नसते, परत फिरण्याच्या ओढीने पाडलेले असते.

पंखाने अशी हवा सोडण्याला आम्ही स्टॉल म्हणतो, आणि या शब्दानेच अर्धा गोंधळ केला आहे. गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडले, असे रस्त्यावर म्हणतात. विमानात स्टॉल होतो तो पंखांचा. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही तो होऊ शकतो, आणि इंजिन बंद असून वेग धरला असेल तर होत नाही. पत्रकारांना माझी कळकळीची विनंती आहे की बातमीत हे दोन अर्थ वेगळे ठेवा.

वाऱ्याचीही एक बाब आहे. विमान उडते ते वाऱ्याकडे तोंड करून. परत फिरलात की तोच वारा पाठीशी येतो. ६० नॉटने उतरणारे विमान १५ नॉटच्या समोरच्या वाऱ्यात जमिनीला ४५ नॉटने टेकेल, पाठीच्या वाऱ्यात ७५ ने. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीनपट होते. हा फरक खरचटणे आणि मरणे यांच्यातला आहे.

माझ्याविरुद्ध एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला जातो आणि तो मी टाळणार नाही. काही अनुभवी वैमानिकांनी परत वळून विमाने सुखरूप उतरवली आहेत, आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१८ मध्ये प्रशिक्षकांना सुचवलेही की परत फिरणे केव्हा शक्य असते हे विद्यार्थ्यांना दाखवून शिकवा. ते बरोबर आहे. हजार फुटांवर, पहिले वळण आधीच घेतलेले असताना, धावपट्टी खांद्याच्या बाजूला दिसत असताना परत फिरण्यात काही वावगे नाही. पण ही सूचना नीट वाचा. केव्हा शक्य असते ते दाखवा, म्हणजे केव्हा नसते तेही दाखवा. हा निर्णय इंजिन गेल्यावर घ्यायचा नसतो. धावपट्टीच्या तोंडावर उभे असताना, ब्रेक दाबलेला असताना, मोठ्याने म्हणायचे असते: या उंचीखाली इंजिन गेले तर समोरच. मी विद्यार्थ्यांकडून हे रोज म्हणवून घेत असे, आणि कुणी कंटाळला तर त्या दिवशी उड्डाण होत नसे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिने गेलेले विमान कॅप्टन सलनबर्गर यांनी हडसन नदीत उतरवले. चौकशीत सिम्युलेटरवर प्रयोग झाले. पक्षी आदळताच क्षणाचाही विचार न करता वळणारे काही वैमानिक विमानतळावर पोचले. माणसाला विचार करायला लागणारे ३५ सेकंद त्यात धरल्यावर परतीचा प्रयत्न फसला. टपरीवर बसून "वापस" म्हणणाऱ्याचे ३५ सेकंद कुणी मोजत नाही.

मग समोर उतरायचे, म्हणजे कुठे? उतरणारा वाचतो की नाही हे इथेच ठरते, आणि हे ज्ञान पुस्तकात कमी आणि आपल्या मातीत जास्त आहे. चार मिनिटे असली तरी जागा पहिल्या मिनिटातच निवडायची आणि मग बदलायची नाही. वारा कुठला हे चुलीच्या धुरावरून कळते, तळ्यावरच्या लाटांवरून कळते. वाशीम जिल्ह्याचे काळे रान एप्रिल-मेमध्ये उतरायला चांगले असते. हरभरा निघालेला असतो, जमीन कडक असते. तासांच्या दिशेने उतरायचे, तासांना आडवे कधीच नाही. तेच रान जुलैत वरून हिरवेगार आणि सपाट दिसते, पण ओल्या काळ्या मातीत नाकाचे चाक रुतते आणि विमान पालथे होते. तिथे शक्य तेवढ्या कमी वेगाने टेकायचे आणि दांडी पोटाशी ओढून नाकाचे चाक शेवटपर्यंत उचलून धरायचे. ऑगस्टमधले सोयाबीन विमानाला मऊपणे अडवते. पऱ्हाटीची खोडे आणि उंच वाढलेली तूर तशी नसते. कठडा नसलेली विहीर तीन हजार फुटांवरून दिसत नाही. धुऱ्यावरची बाभूळ दिसते, पण तिच्यामागची तार दिसत नाही. तार कधीच दिसत नाही, खांब दिसतात, म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असेच धरायचे. एप्रिल २०१७ मध्ये गोंदिया जिल्ह्यात देवरी गावाजवळ वैनगंगेवर आडव्या बांधलेल्या तारेला प्रशिक्षण विमान अडकले आणि आतले दोघेही गेले.

रस्त्याचा मोह फार मोठा असतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडून जाणारा समृद्धी महामार्ग वरून धावपट्टीसारखाच दिसतो. पण त्यावर ताशी १२० किलोमीटरने येणारी गाडी असते, पूल असतात, मधला दुभाजक असतो. त्या गाडीतल्या कुटुंबाने माझ्या इंजिनाचा धोका पत्करलेला नाही. वावर मोकळे असताना रस्ता निवडायचा अधिकार मला नाही.

जागा खराब असली तरी माणूस वाचतो, आणि याला गणित आहे. लहान विमानाच्या खुर्च्या आणि पट्टे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट धक्का सोसतील अशा बांधलेल्या असतात. ताशी ८० किलोमीटरने टेकलेले विमान तेवढ्या धक्क्यात थांबायला तीन मीटर पुरतात. ताशी १६० असेल तर अकरा मीटर लागतात. म्हणजे वेग कमी ठेवला आणि पंख, चाके, नाक यांना तुटू दिले तर आतला माणूस टिकतो. दोन झाडे चुकत नसतील तर त्यांच्यामधून जावे आणि दोन्ही पंख झाडांना द्यावेत. टेकण्याआधी इंधन बंद, इग्निशन बंद, पट्टे घट्ट, आणि दार किंचित उघडे ठेवावे, कारण सांगाडा वाकला की दार अडकते.

आता तिसरे वाक्य, "पोरानं गाव वाचवलं." २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीने निघालेली एक विद्यार्थिनी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सेसना १५२ घेऊन खाली आली आणि किरकोळ जखमांवर निभावले. मे २०२३ मध्ये बेळगावजवळ होन्निहाळच्या शेतात तांत्रिक बिघाडानंतर प्रशिक्षण विमान उतरले आणि दोघे वाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. असे काही घडले की वैमानिकाने गावावरून विमान वळवून अनर्थ टाळल्याची वाक्ये बातम्यांत येतात. कौतुक करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे.

पण विद्यार्थी हे वाचून काय शिकतो ते पाहा. तो शिकतो की वाचणे म्हणजे काहीतरी जास्तीचे करणे, गावापलीकडे विमान नेणे, ताणणे. आणि ताणण्यासाठी हात काय करतो? नाक वर ओढतो. नाक वर ओढून विमान लांब जात नाही. ठरलेल्या वेगापेक्षा हळू गेले तर ते आधीच खाली येते, आणि फार हळू गेले तर तिथेच कोसळते, ज्या गावाला वाचवायचे होते त्याच गावावर. कासरा मागे ओढून बैल पुढे जात नाहीत, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत असते. विमानाचे तसेच आहे. गावाला सर्वांत सुरक्षित ठेवणारा वैमानिक तो, जो गावाच्या अलीकडचेच वावर निवडतो, वेगाचा काटा जागचा हलू देत नाही आणि शांतपणे उतरतो. त्यात बातमीला लागणारे नाट्य नसते. जगण्याला ते लागतही नाही.

चौथे एक वाक्य आहे, ते टपरीवर नाही, कार्यालयात ऐकू येते. मी एका मार्च महिन्यात, शेजारी विद्यार्थी असताना, मिस मारणारे इंजिन घेऊन हरभरा निघालेल्या वावरात उतरलो. शेवटी धुरा आडवा आला, नाकाचे चाक मोडले, पंखा वाकला. आम्ही दोघे चालत बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी मला विचारण्यात आले, "धावपट्टी समोर दिसत होती ना? मग शेतात कशाला उतरवलंत? खर्च किती झाला माहीत आहे?" धावपट्टी दिसत होती हे खरे. तिथपर्यंत पोचलो असतो की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हते, आजही नाही. माहीत नसणे हेच तर वावर निवडण्याचे कारण होते. मला तो प्रश्न लागला नाही, मी असले प्रश्न पचवू शकत होतो. पण माझा विद्यार्थी तिथे उभा होता. आदल्या दिवशी वावरात जे त्याला शिकवले ते त्या एका प्रश्नाने पुसले गेले, आणि त्याच्या जागी दुसरेच शिकवले गेले: विमान जपायचे असते. पुढच्या खेपेला तो एकटा असेल, इंजिन अर्धे चालत असेल, धावपट्टी दूरवर दिसत असेल, आणि त्याच्या कानात हा प्रश्न असेल. इंजिन कुरकुरू लागले त्या क्षणी विमान विमा कंपनीचे झाले, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. आतली दोन माणसे कुणाच्या खात्यात भरून मिळत नाहीत.

खालच्या माणसाचेही एक काम आहे, आणि ते आपल्या लोकांना येते. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीच्या रानात प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक गेले, विद्यार्थिनी गंभीर जखमी होती. एका आदिवासी बाईने स्वतःची साडी झोळीसाठी दिली आणि गावकऱ्यांनी त्या मुलीला डोंगरउतारावरून खाली आणले. त्या माणसांना कुणी काही शिकवले नव्हते. आपण एवढेच आणखी लक्षात ठेवावे की पेट्रोलचा वास येत असेल तर विडी पेटवायची नाही, आणि थांबलेल्या पंख्याला हात लावायचा नाही, कारण मॅग्नेटो चालू राहिला असेल तर पंखा एका हिसक्यात फिरू शकतो. फोटोसाठी पंखावर चढायचे नाही. आणि पिकाचे नुकसान झाले असेल तर पंचनामा करून घ्यायचा, त्यात संकोच नको, तो शेतकऱ्याचा हक्क आहे.

रिसोडातून मुले आता वैमानिक व्हायला निघाली आहेत. त्यासाठी काही घरांनी वावर विकले आहे, हे मला ठाऊक आहे. प्रवेशाच्या दिवशी बाप फी किती, हप्ते किती, नोकरीची हमी काय, हे विचारून येतो. त्याने आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. परवाना मिळेपर्यंत माझ्या लेकराच्या हातून इंजिन बंद ठेवून उतरण्याचा सराव किती वेळा करून घ्याल? आणि एखाद्या दिवशी त्याने तुमचे चांगले विमान कुणाच्या तरी वावरात मोडून ठेवले आणि स्वतः चालत बाहेर आले, तर दुसऱ्या दिवशी त्याला काय म्हणाल?